हातोडी मुशी

हातोडी मुशी (स्थानिक नाव : कानमुशी) हा उष्ण व समशीतोष्ण समुद्रांत आढळणाऱ्या मुशींचा म्हणजेच शार्क माशांचा एक गट आहे. प्राणिशास्त्रात हा गट स्फिर्निडी या कुलात मोडतो. डोक्याचा भाग दोन्ही बाजूंना चपटा व आडवा वाढून हातोडीसारखा झालेला असणे, तसेच डोळे व नाकपुड्या या आडव्या पट्टीच्या टोकांना असणे, ही या कुलाची मुख्य ओळख होय. या कुलात आजवर सुमारे १० जातींचे वर्णन झाले असून त्यांपैकी ४ जाती भारतीय समुद्रात आढळतात. कोकण किनाऱ्यावरील मासेमारीत या मुशी पूर्वापार मिळत आल्या आहेत. अतिमासेमारीमुळे यांतील बहुतेक जातींची संख्या जगभर घटली असून काही जाती नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत.

नाव

मराठीत शार्कसाठी ‘मुशी’ हा जुना व रूढ शब्द आहे. लहान आकाराच्या मुशींना कोकणात व गोव्यात ‘मोरी’ असेही म्हणतात. समुद्रापासून दूर असलेल्या विदर्भासारख्या प्रदेशात मात्र ‘शार्क’ हाच शब्द अधिक परिचित आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना आलेले भाग मोठ्या कानांसारखे दिसतात, म्हणून किनाऱ्यावर या माशाला ‘कानमुशी’ हे नाव मिळाले. प्रत्यक्षात या भागांचा कानाशी संबंध नाही.

स्फिर्ना या शास्त्रीय नावाचा मूळ ग्रीक अर्थ ‘हातोडा’ असा आहे. एका जातीच्या नावातील ‘झायगीना’ हा शब्दही ग्रीक असून तो ‘झायगॉन’ म्हणजे बैलाच्या मानेवरचे जू या शब्दाशी जोडला जातो. संस्कृत ‘युग’, मराठी ‘जू’ आणि ग्रीक ‘झायगॉन’ हे शब्द एकाच मुळापासून आलेले आहेत. म्हणजे ग्रीकांना या माशाच्या डोक्यात जू दिसले, तर कोकणातील कोळ्यांना कान दिसले.

वर्गीकरण व उत्क्रांती

मुशी हे उपास्थिमीन आहेत. त्यांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीतील पदार्थासारख्या लवचीक ऊतकाचा, बनलेला असतो. महाविद्यालयीन प्राणिशास्त्रात विच्छेदनासाठी परिचित असलेली ‘स्कोलिओडॉन’ ही लहान मुशी ज्या गणात येते, त्याच कार्कॅरिनिफॉर्मिस गणात स्फिर्निडी कुलाचा समावेश होतो.

या कुलात २ प्रजाती आहेत. यूस्फायरा या प्रजातीत एकच जाती असून उरलेल्या सर्व जाती स्फिर्ना या प्रजातीत आहेत. कुलाचे वर्गीकरण अजून पूर्ण झालेले नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्फिर्ना गिल्बर्टाय ही जाती २०१३ मध्ये स्वतंत्र म्हणून ओळखली गेली. ती बाहेरून स्फिर्ना ल्युइनीसारखीच दिसते, परंतु तिच्या पाठीच्या कण्यात मणके कमी असतात. पश्चिम अटलांटिक महासागरातील स्फिर्ना ॲलेनाय या जातीचे वर्णन २०२४ मध्ये झाले.

भारतीय समुद्रातील ४ जाती पुढीलप्रमाणे आहेत. मराठी नावे वर्णनात्मक आहेत.

१. खाचांची कानमुशी (स्फिर्ना ल्युइनी) : हातोडीची पुढची कड नागमोडी असून मध्यभागी ठळक खाच असते. भारतीय किनाऱ्यावर सर्वाधिक मिळणारी ही जाती आहे. पूर्ण वाढ झालेली मादी ३ मीटरहून लांब असू शकते.

२. थोर कानमुशी (स्फिर्ना मोकॅरन) : कुलातील सर्वांत मोठी जाती. लांबी क्वचित ६ मीटरपर्यंत जाते. हातोडीची पुढची कड जवळजवळ सरळ असते आणि पाठीवरचा पहिला पर उंच व विळ्यासारखा वाकलेला असतो.

३. अखंड कडेची कानमुशी (स्फिर्ना झायगीना) : हातोडीच्या मध्यभागी खाच नसते. ही जाती तुलनेने थंड पाण्यातही राहते.

४. पंखमुशी (यूस्फायरा ब्लॉची) : हातोडीच्या दोन्ही बाजू पंखांसारख्या लांब व अरुंद असतात. डोक्याची रुंदी शरीराच्या लांबीच्या जवळपास निम्मी भरते. लांबी २ मीटरच्या आतच राहते. पर्शियन आखातापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंतच्या उथळ पाण्यात ती आढळते.

जनुकीय अभ्यासानुसार या कुलाचा समान पूर्वज सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. मूळ शाखेपासून सर्वांत आधी वेगळी झाली ती पंखमुशी. हातोडी आरंभी लहान होती व पुढे क्रमाक्रमाने रुंद होत गेली, असे सहज वाटते. पण सर्वांत रुंद डोक्याची जाती सर्वांत जुन्या शाखेतील आणि सर्वांत लहान हातोडीची ‘बोनेटहेड’ ही जाती (स्फिर्ना टिब्युरो) मागाहून उत्पन्न झालेली आहे. त्यामुळे या कुलात डोके काही शाखांमध्ये कालांतराने लहान झाले, असे मानले जाते.

शरीररचना

डोके वगळता हातोडी मुशीचे शरीर इतर मुशींसारखेच निमुळते असते. पाठीचा रंग तपकिरी, करडा किंवा हिरवट छटेचा असून पोट पांढरे असते. वरून पाहणाऱ्यास पाठ खालच्या गडद पाण्यात मिसळते, तर खालून पाहणाऱ्यास पोट वरच्या उजेडात मिसळते. डोक्याच्या मागे दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या ५-५ फटी असतात. तोंड हातोडीच्या खालच्या बाजूस असून शरीराच्या मानाने लहान असते.

हवाईच्या कानेओहे उपसागरात खाचांच्या कानमुशीच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत एक वेगळी गोष्ट दिसून आली. उथळ, उजेडाच्या पाण्यात ठेवलेल्या पिल्लांची त्वचा उन्हामुळे गडद झाली. ज्या भागावर सूर्याची अतिनील किरणे अडवणारे आवरण लावले होते, तेवढा भाग फिकट राहिला. माणसाप्रमाणे उन्हाने रापणारी त्वचा माशांत क्वचितच आढळते.

हातोडीचे प्रयोजन

या डोक्याचा उपयोग काय, हा प्रश्न प्राणिशास्त्रज्ञांपुढे दीर्घकाळ होता. त्याचे एकच उत्तर मिळालेले नाही. विद्युतसंवेदन, दृष्टी व हालचाल अशा तीन अंगांनी या रचनेचा फायदा होतो, असे प्रयोगांतून दिसते.

विद्युतसंवेदन : सर्व मुशींच्या डोक्याच्या त्वचेवर सूक्ष्म छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रातून एक नळी आत जाते. ती पारदर्शक चिकट द्रवाने भरलेली असून तिच्या तळाशी संवेदी पेशी असतात. इटालियन शास्त्रज्ञ स्तेफानो लोरेंझिनी यांनी १६७८ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना ‘लोरेंझिनीच्या कुप्या’ म्हणतात. कोणत्याही प्राण्याचे स्नायू हलले, हृदय धडधडले किंवा कल्ल्यांतून श्वास घेतला गेला, की त्याच्या भोवतीच्या पाण्यात अतिक्षीण विद्युतक्षेत्र निर्माण होते. या कुप्यांद्वारे मुशीला ते कळते. त्यामुळे वाळूखाली दडून बसलेला, डोळ्यांना न दिसणारा मासाही तिच्यापासून लपू शकत नाही.

हातोडीच्या रुंद खालच्या पृष्ठभागावर या कुप्या मोठ्या क्षेत्रात पसरलेल्या असतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खाचांच्या कानमुशीच्या पिल्लांची तुलना साध्या डोक्याच्या दुसऱ्या एका मुशीशी केली गेली. दोन्हींना एका सेंटिमीटरमागे एका व्होल्टच्या अब्जाव्या भागाइतका क्षीण विद्युतदाब जाणवला. म्हणजे संवेदनक्षमता जवळपास सारखीच होती. मात्र पोहत असता हातोडी मुशीच्या डोक्याखालून समुद्रतळाचा अधिक रुंद पट्टा तपासला जात होता, आणि तिला अधिक तीव्र वळणे घेता येत होती. अरुंद झाडूपेक्षा रुंद झाडूने एका फटक्यात अधिक अंगण झाडून निघते, तसाच हा प्रकार आहे.

दृष्टी व घ्राण : डोळे इतके दूर असल्यामुळे या माशाला समोरचे नीट दिसत नसावे, अशी पूर्वी समजूत होती. २००९ मधील अभ्यासाने ती खोटी ठरवली. हातोडीच्या टोकांवरील डोळे किंचित पुढच्या दिशेने कललेले असतात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसणारा समोरचा भाग खाचांच्या कानमुशीत सुमारे ३२ अंशांचा, तर पंखमुशीत सुमारे ४८ अंशांचा असतो. तुलनेसाठी घेतलेल्या साध्या डोक्याच्या मुशींत तो १० ते ११ अंशांचाच होता. दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहिल्याने भक्ष्याचे अंतर जोखता येते. शिवाय पोहताना डोके डावीउजवीकडे हलत असल्याने मागचाही भाग दृष्टीच्या टप्प्यात येतो. मात्र थेट तोंडासमोर, अगदी जवळ, एक छोटा अंधभाग उरतो.

नाकपुड्याही एकमेकींपासून दूर असतात. वासाचा माग कोणत्या बाजूने आला, हे ठरवण्यास याचा उपयोग होत असावा.

हालचाल : विमानाच्या पंखाप्रमाणे हातोडीमुळे पुढच्या भागाला पाण्यात उचल मिळते, अशी एक जुनी कल्पना आहे. संगणकाच्या साहाय्याने २०२० मध्ये केलेल्या पाहणीत सरळ पोहताना अशी उचल फारशी मिळत नसल्याचे दिसले. उलट, डोके थोडे वर किंवा खाली कलताच त्यावर मोठे बल निर्माण होते. त्यामुळे मुशीला झटकन दिशा बदलता येते. या सोयीची किंमतही आहे. रुंद डोक्यामुळे पाण्याचा विरोध वाढतो आणि पोहण्यास अधिक शक्ती खर्च होते.

आहार व शिकार

हातोडी मुशी मांसाहारी आहेत. लहान मासे, माकूळ, कोळंबी, खेकडे आणि पाकट हे त्यांचे मुख्य अन्न. लहान वयात त्या तळाजवळचे लहान मासे व कोळंबी खातात. मोठेपणी खाचांची कानमुशी खोल पाण्यातील माकुळांपर्यंत पोहोचते.

थोर कानमुशी पाकटांची शिकारी म्हणून प्रसिद्ध आहे. ती डोके तळाजवळ धरून वाळूवरून फिरत राहते. पाकट सापडताच हातोडीने त्याला तळाशी दाबून धरते आणि पंखासारख्या पसरट परांचे लचके तोडून त्याला निकामी करते. पाकटाच्या शेपटीतील विषारी काटा तिला विशेष बाधत नाही. पकडलेल्या मुशींच्या तोंडात व घशात असे अनेक काटे रुतलेले आढळले आहेत.

या कुलाला एक अपवाद आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील बोनेटहेड ही लहान मुशी खेकड्यांबरोबर मोठ्या प्रमाणात सागरी गवतही खाते. हे गवत चुकून पोटात जात असावे असे मानले जाई. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ती गवतातील सुमारे निम्मे सेंद्रिय द्रव्य पचवते, असे सिद्ध झाले. वनस्पती पचवून मिश्राहारी ठरलेली ही पहिलीच ज्ञात मुशी आहे.

संचार व वर्तन

बहुतेक मुशी एकेकट्या राहतात. खाचांची कानमुशी मात्र दिवसा मोठ्या थव्यांनी फिरते. मेक्सिकोजवळील कॅलिफोर्नियाचे आखात, इक्वेडोरची गालापागोस बेटे, कोस्टा रिकाचे कोकोस बेट व कोलंबियाचे मालपेलो बेट येथे शेकडो मुशींचे थवे पाण्याखालील डोंगरांभोवती संथपणे फिरताना दिसतात. अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर क्लिम्ली यांनी कॅलिफोर्नियाच्या आखातात या थव्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. थव्यात माद्यांची संख्या अधिक असते आणि आकाराने मोठ्या माद्या मध्यभाग राखतात. त्या इतर माद्यांना अंगचालीने वा धडक देऊन बाहेर सारतात.

संध्याकाळी थवा पांगतो. एकेक मुशी शिकारीसाठी खुल्या समुद्रात जाते आणि पहाटे पुन्हा त्याच डोंगरापाशी परतते. अंधाऱ्या पाण्यात ती सरळ वाट कशी धरते, याचा शोध घेताना क्लिम्ली यांना असे दिसले की तिचे मार्ग समुद्रतळाच्या खडकांतील चुंबकीय तीव्रतेच्या चढउतारांशी जुळतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा ती वाटाड्या म्हणून उपयोग करते, असे अनुमान त्यावरून निघाले.

खोल बुडी मारताना हीच जाती आणखी एक कसब दाखवते. हवाईजवळ काही मुशींच्या शरीरात तापमान मोजणारी यंत्रे बसवण्यात आली. रात्री त्या ८०० मीटरहून खोल, सुमारे ५ अंश सेल्सियस इतक्या थंड पाण्यात उतरल्या, तरी त्यांच्या शरीराचे तापमान बुडीच्या बहुतेक काळ टिकून राहिले. माशाच्या शरीरातील उष्णता मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात जाते. म्हणून खाली उतरताना मुशी कल्ल्यांच्या फटी मिटून घेते, म्हणजे एका अर्थी श्वास रोखते, असा निष्कर्ष २०२३ मध्ये मांडण्यात आला.

थोर कानमुशी बराच वेळ एका कुशीवर कलून पोहते, हेही अलीकडे लक्षात आले. २०१६ मधील अभ्यासात ती ५० ते ७५ अंशांपर्यंत कललेली आढळली. अशा स्थितीत पाठीवरचा उंच पर पंखासारखा काम करतो व शरीर तोलून धरतो. त्यामुळे तिची सुमारे १० टक्के शक्ती वाचते.

प्रजनन

हातोडी मुशी अंडी घालत नाहीत, त्या पिलांना जन्म देतात. मादीच्या पोटात पिल्लू आधी अंड्यातील बलकावर वाढते. बलक संपत आला की त्याची पिशवी गर्भाशयाच्या भित्तीला चिकटते आणि तिची वार बनते. पुढे पिल्लाला नाळेवाटे आईकडून पोषण मिळते. सस्तन प्राण्यांच्या वारेशी तिचे मूळ जुळत नाही, परंतु कार्य तेच आहे. मुंबईच्या समुद्रातील उपास्थिमीनांच्या गर्भवाढीवर १९४० च्या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ एस. बी. सेटना व पी. एन. सारंगधर यांनी मूलभूत संशोधन केले. ते ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आडव्या डोक्याचे पिल्लू जन्माला येते कसे, असा प्रश्न साहजिकच पडतो. जन्मापूर्वी हातोडीची कूर्चा मऊ असते व तिच्या दोन्ही बाजू मागे, शरीराकडे दुमडलेल्या असतात. जन्मानंतर त्या उलगडतात व ताठ होतात.

खाचांच्या कानमुशीचा गर्भकाळ ९ ते १२ महिन्यांचा असून एका वेळी साधारण १२ ते ४० पिल्ले होतात. जन्मतः त्यांची लांबी ४० ते ५५ सेंटिमीटर असते. थोर कानमुशीला सुमारे ११ महिन्यांनी ६ ते ५५ पिल्ले होतात, पण ती दोन वर्षांतून एकदाच विते. पंखमुशीचा गर्भकाळ ८ ते ११ महिन्यांचा असून तिला ६ ते २५ पिल्ले होतात. पिल्लांची जन्मानंतर आई काळजी घेत नाही. उथळ, गढूळ, किनाऱ्यालगतचे पाणी हेच त्यांचे पाळणाघर. तेथे मोठ्या शिकारी माशांचे भय कमी असते. तरीही पहिल्या वर्षी मोठ्या संख्येने पिल्ले दगावतात. जगलेली मादी प्रजननक्षम होण्यास अनेक ठिकाणी दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. थोर कानमुशीचे आयुष्य ४० वर्षांहून अधिक असू शकते.

अमेरिकेतील ओमाहा शहराच्या प्राणिसंग्रहालयात २००१ मध्ये नराविना ठेवलेल्या बोनेटहेड माद्यांपैकी एकीला पिल्लू झाले. त्याच्या जनुकीय तपासणीत पित्याचा अंश आढळला नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मुशींमधील अनिषेकजननाचा पहिला पुरावा होय.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर

महाराष्ट्राच्या समुद्रात मिळणाऱ्या मुशींत स्कोलिओडॉनसारख्या लहान जातींचे प्रमाण अधिक आहे. त्यांच्या जोडीने खाचांची कानमुशी येते. मुंबईतील ससून डॉक, भाऊचा धक्का व वेसावे, तसेच रत्नागिरीचे मिरकरवाडा आणि सिंधुदुर्गातील मालवण ही मासे उतरवण्याची मोठी ठिकाणे आहेत. वेसावे येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र असून किनाऱ्यावर येणाऱ्या माशांची जातवार नोंद ही संस्था ठेवते.

कोकणात मुशी पकडण्यासाठीच समुद्रात जाणाऱ्या होड्या आता थोड्या आहेत. बहुतेक मुशी कोळंबी, बांगडा, सुरमई किंवा बोंबील यांच्यासाठी लावलेल्या जाळ्यांत सापडतात. ट्रॉलरचे तळावरून ओढले जाणारे जाळे, पडद्यासारखे उभे राहणारे जाळे आणि प्रवाहात बांधलेले डोल जाळे ही सर्व उथळ पाण्यात चालतात. पिल्लांची वाढही त्याच पाण्यात होते. त्यामुळे बाजारात येणाऱ्या कानमुशींत अजून एकदाही न व्यालेल्या लहान मुशींचा भरणा मोठा असतो. मोठ्या माद्या खोल समुद्रात राहत असल्याने किनाऱ्याजवळ क्वचितच दिसतात.

मोरीचे कालवण हा कोकणातील आवडीचा पदार्थ आहे. बाळंतिणीला दूध येण्यासाठी मोरी द्यावी, अशी तेथे जुनी समजूत आहे. मुशी खारवून, सुकवूनही विकली जाते. मोठ्या मुशींच्या मांसात पारा साठत जातो, म्हणून गरोदर स्त्रिया व लहान मुलांनी मोठ्या शिकारी माशांचे मांस टाळावे, असा आरोग्यविषयक सल्ला अनेक देशांत दिला जातो.

माणसाला हातोडी मुशींपासून असलेला धोका अल्प आहे. शार्कच्या हल्ल्यांच्या आंतरराष्ट्रीय नोंदींत या कुलाकडून चिथावणीविना झालेले हल्ले मोजके असून त्यांपैकी एकही प्राणघातक ठरलेला नाही.

धोके

ज्या डोक्यामुळे ही मुशी उत्तम शिकारी बनली, तेच जाळ्यासमोर तिला घातक ठरते. साध्या निमुळत्या डोक्याचे लहान पिल्लू ज्या आसातून निसटू शकते, त्यात हातोडीच्या बाजू अडकतात. म्हणून नुकती जन्मलेली कानमुशीही मोठ्या आसांच्या जाळ्यातून सुटत नाही. दुसरे कारण श्वसनाचे आहे. या मुशीला कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवण्यासाठी सतत पोहावे लागते. जाळ्यात किंवा गळाला अडकून ती थांबली, की गुदमरते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर तळाशी सोडलेल्या गळांच्या दोरीवरील नोंदींत खाचांच्या व थोर कानमुशींपैकी ९० टक्क्यांहून अधिक बोटीवर घेईपर्यंत मेलेल्या होत्या. त्यामुळे ‘सापडली तर सोडून द्या’ हा नियम या मुशीच्या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही.

तिसरे कारण व्यापाराचे आहे. पूर्व आशियात सूपसाठी मुशींच्या परांना मोठी मागणी असते आणि हातोडी मुशींचे मोठे पर त्यात महाग विकले जातात. हाँगकाँगच्या बाजारावर आधारित २००६ च्या अंदाजानुसार खाचांच्या व अखंड कडेच्या कानमुशी मिळून दरवर्षी १३ ते २७ लाख मुशी या व्यापारात जात होत्या. थव्याने राहण्याच्या सवयीमुळे एकाच ठिकाणी शेकडो मुशी पकडल्या जाऊ शकतात.

संख्या घटल्यावर ती भरून येण्यास लागणारा काळ मोठा असतो. बांगडा किंवा तारली हे मासे एक-दोन वर्षांत प्रजननक्षम होतात व असंख्य अंडी घालतात. कानमुशीच्या मादीला मात्र प्रथम विण्याआधी अनेक वर्षे जाळी चुकवत जगावे लागते.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत खाचांची व थोर कानमुशी ‘अतिसंकटग्रस्त’, पंखमुशी ‘संकटग्रस्त’ आणि अखंड कडेची कानमुशी ‘असुरक्षित’ या वर्गांत आहेत.

संरक्षण

वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात २०१३ च्या बँकॉक परिषदेत खाचांची, थोर व अखंड कडेची अशा तीन कानमुशींचा समावेश झाला. तो २०१४ मध्ये लागू झाला. २०२२ च्या पनामा परिषदेत संपूर्ण कुल या परिशिष्टात घेण्यात आले. या परिशिष्टामुळे व्यापार बंद होत नाही. मात्र निर्यातीमुळे त्या जातीच्या अस्तित्वास धोका नाही, अशी खात्री शास्त्रीय आधारावर देणे निर्यातदार देशावर बंधनकारक होते.

भारतात २००१ मध्ये प्रथम सर्व उपास्थिमीनांना वन्य जीव संरक्षण कायद्याखाली घेण्यात आले. मच्छीमारांच्या विरोधानंतर त्याच वर्षी ही यादी १० जातींपर्यंत कमी झाली. त्या १० जातींत हातोडी मुशी नव्हत्या. पर कापून मुशीचे धड समुद्रात टाकण्याची प्रथा रोखण्यासाठी, पर शरीरास जोडलेले असतानाच मुशी किनाऱ्यावर आणावी, असे धोरण केंद्र सरकारने २०१३ मध्ये जाहीर केले. २०१५ मध्ये मुशींच्या परांच्या निर्यातीवर बंदी घालण्यात आली. वन्य जीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने साइट्स कराराच्या अंमलबजावणीसाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद केली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, सामान्यतः जून व जुलै महिन्यांत, यांत्रिक बोटींच्या मासेमारीस बंदी असते. या काळात इतर माशांबरोबर मुशींच्या पिल्लांनाही उसंत मिळते. मात्र परांची निर्यात थांबली तरी स्थानिक बाजारात मुशीच्या मांसाला मागणी आहे, आणि कानमुशी बहुधा दुसऱ्याच माशांसाठी लावलेल्या जाळ्यांत सापडते. म्हणून केवळ व्यापारावरील निर्बंध तिला पुरेसे ठरत नाहीत. पिल्लांची वाढ होणाऱ्या उथळ जागा शोधून त्या काळात तेथील जाळी कमी करणे, हा उपाय तज्ज्ञ सुचवतात. अशा जागा व पिल्ले दिसण्याचे महिने यांची माहिती किनाऱ्यावरील मच्छीमारांकडे परंपरेने असते. त्यामुळे हा उपाय त्यांच्या सहभागावर अवलंबून आहे.